शोधनिबंधावर लेखन-मार्गदर्शकाचे शेरे आले, पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निबंधाचा मसुदा कॉलेजच्या लेखन केंद्रातून, म्हणजे जिथे मार्गदर्शक मसुदा वाचून शेरे देतात तिथून, परत आलाय, समास शेऱ्यांनी भरलाय आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी हे पान आहे. कॉलेजचा दहा-पंधरा पानी शोधनिबंध डोळ्यांसमोर ठेवलाय. उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच काल्पनिक निबंध घेतलाय: अर्धवेळ नोकरी करणारे विद्यार्थी आणि त्यांची वर्गातली हजेरी.

शेरे बघूनच हातपाय गळाले. आधी काय करू?

सगळे शेरे एका बैठकीत शेवटपर्यंत वाचून काढा आणि तोवर फाइलला हात लावू नका. पहिल्या शेऱ्यापासून दुरुस्ती सुरू केली, की दोन तास पहिल्या पानावर जातात आणि मग सातव्या पानावर शेरा दिसतो: 'निबंध खरं तर इथून सुरू होतो.' म्हणजे दोन तास पाण्यात.

वाचून झालं की मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवून द्या. मग शेऱ्यांची वर्गवारी करा. निबंध नेमकं काय म्हणतोय आणि ते सिद्ध होतंय का, याबद्दलचे शेरे सगळ्यांत वर. त्याखाली रचनेचे, म्हणजे परिच्छेदांचा क्रम, पुनरुक्ती, मध्येच तुटलेला धागा. भाषा, विरामचिन्हं आणि संदर्भांची मांडणी सगळ्यांत शेवटी. काम याच क्रमाने करायचं. जो परिच्छेद उद्या काढून टाकायचाय त्यातले स्वल्पविराम आज नीट करण्यात काही अर्थ नसतो. त्याहून वाईट म्हणजे, घासूनपुसून चकचकीत केलेला परिच्छेद काढवत नाही. तो नको असतानाही निबंधात राहतो.

इतके शेरे आलेत म्हणजे निबंध अगदीच टाकाऊ आहे का?

नाही. ज्यात काही दम नाही त्या निबंधावर सहसा दोन-तीनच शेरे येतात, कारण बोलायला फारसं काही नसतं.

मार्गदर्शकाने चुका थेट दुरुस्त करून का दिल्या नाहीत? नुसत्या खुणा केल्यात.

ते त्यांचं काम नाही, आणि हे आळसापोटी ठरलेलं नाही. लेखनाचे अभ्यासक स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ साली लेखन केंद्रांबद्दल एक लेख लिहिला. केंद्राने हातातला कागद सुधारण्यापेक्षा लिहिणारा सुधारावा, ही त्यातली भूमिका पुढे बहुतेक केंद्रांनी उचलली. दुसरं कारण सरळ व्यावहारिक आहे: गुण तुमच्या नावावर पडणार आहेत, तेव्हा वाक्यंही तुमचीच हवीत.

एकाच प्रकारची चूक पहिल्या दोन पानांवर दाखवली असेल आणि पुढे काहीच खूण नसेल, तर पुढचं सगळं बरोबर आहे असं धरू नका. उरलेल्या चुका तुम्ही शोधाव्यात अशी अपेक्षा असते.

'मुख्य दावा स्पष्ट नाही' असा शेरा आहे. माझा दावा तर पहिल्याच परिच्छेदात आहे!

हा शेरा जवळजवळ प्रत्येकाला येतो, म्हणून थोडं तपशिलात बघू. समजा वाक्य असं आहे:

'अर्धवेळ नोकरीचा विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर अनेक प्रकारे परिणाम होतो.'

समासात शेरा: 'कोणता परिणाम? याला नाही कोण म्हणेल?'

यातला दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे. वरच्या वाक्याशी वाद घालणारा माणूस सापडणार नाही, आणि ज्यावर वाद होऊच शकत नाही ते सिद्ध करायला पंधरा पानं लागत नाहीत. आता विद्यार्थी काय करतो? शब्द बदलतो. 'अनेक प्रकारे'च्या जागी 'लक्षणीय' येतं, 'परिणाम'च्या जागी 'दूरगामी परिणाम'. वाक्य भारदस्त झालं, पण दावा होता तिथेच आहे.

त्याऐवजी स्वतःच्याच मसुद्याची शेवटची दोन पानं वाचा. लिहिता लिहिता विचार पुढे गेलेला असतो आणि खरा दावा बहुतेक वेळा समारोपात जाऊन बसलेला असतो. आपल्या उदाहरणात तिथे असं काही सापडू शकतं: 'आठवड्याला किती तास काम आहे, यापेक्षा कामाच्या वेळा आधी कळतात की ऐनवेळी, यावर हजेरी जास्त अवलंबून असते.' हा दावा आहे. कोणी म्हणेल, छे, तासच महत्त्वाचे. मग तुम्हाला पुरावा द्यावा लागेल, आणि निबंधाला काम मिळेल. हे वाक्य उचलून पुढे आणा. समारोप मग नव्याने लिहावा लागेल, पण तो तसाही लिहायचाच होता.

'रचना विस्कळीत वाटते.' रचना म्हणजे नेमकं काय बदलायचं?

उलटा आराखडा करा. लिहिण्याआधी आराखडा करतात, हा लिहून झाल्यावर करायचा. कोरा कागद घ्या, परिच्छेदांना क्रमांक द्या आणि प्रत्येक परिच्छेद काय म्हणतो ते एकेका ओळीत लिहा. मनात काय म्हणायचं होतं ते लिहायचं नाही, कागदावर जे आहे तेवढंच.

आपल्या निबंधाचा मधला भाग असा निघाला असं समजू:

४. नोकरी करणाऱ्यांची हजेरी कमी असते.
५. विद्यार्थी नोकरी का करतात.
६. शिक्षणाचा खर्च वाढतोय.
७. पुन्हा एकदा, हजेरी कमी असते.
८. कामाच्या वेळा ऐनवेळी बदलतात. आणि मुलाखतींत विद्यार्थी काय म्हणाले. आणि मालकांची बाजू.

आता मार्गदर्शकाला काय खटकलं ते दिसतं. चार आणि सात एकच आहेत. सहावा परिच्छेद खरा असेलही, पण दाव्याशी त्याचा संबंध पातळ आहे. पाचवा एका वाक्यात मावेल. आठवा एकटाच तीन परिच्छेदांचं ओझं वाहतोय, आणि गंमत म्हणजे निबंधाचा जीव त्यातच आहे. जिथे सांगण्यासारखं सगळ्यांत जास्त होतं तिथेच घाई झाली, कारण शब्दमर्यादा पाच-सहावर खर्च झाली होती.

एखाद्या परिच्छेदाची एक ओळ लिहिताच येत नसेल, तर त्या परिच्छेदाला स्वतःचं काही म्हणायचं नाही असं समजा. आणि ओळी एकाखाली एक वाचताना मध्ये 'म्हणून', 'पण', 'कारण' असा काहीतरी जोड बसला पाहिजे. प्रत्येक ठिकाणी फक्त 'शिवाय' बसत असेल, तर तुमच्या हातात माहितीची यादी आहे, युक्तिवाद अजून व्हायचाय.

'पुरावा दिलाय, विश्लेषण नाही' म्हणजे?

म्हणजे अवतरण टाकलं, आकडा टाकला आणि लगेच पुढच्या मुद्द्यावर उडी मारली. वाचकाने स्वतःच काय ते समजून घ्यावं, असं धरून चाललात. पुराव्यानंतर एक-दोन वाक्यं अशी हवीत, की यातून काय दिसतं आणि माझ्या दाव्याला त्याचा काय आधार मिळतो. परिच्छेद अवतरणावर संपत असेल तर तिथे हमखास हाच दोष असतो. फाइलमध्ये असे शेवट नुसते शोधून काढले तरी निम्मं काम होतं.

याचाच भाऊ असलेला शेरा: 'सहसंबंध आहे, पण तेच कारण आहे हे कशावरून?' नोकरी करणाऱ्यांची हजेरी कमी आहे, हे तुमच्या सर्वेक्षणात दिसलं. म्हणून नोकरीमुळे हजेरी घटली असं लगेच म्हणता येत नाही. ज्यांना घरून पैशांची मदत नाही ते नोकरीही करत असतील आणि लांबून प्रवास करून येतही असतील. हजेरी प्रवासामुळे पडत असेल. किंवा उलटंच, वर्गात मन रमत नाही म्हणून कोणी नोकरी धरली असेल. यावर दोन मार्ग आहेत. या दुसऱ्या शक्यता बाजूला का सारता येतात ते दाखवा, नाहीतर दाव्याची भाषा सौम्य करा: 'यामुळे होते'च्या जागी 'याच्याशी निगडित दिसते'. सौम्य करण्यात कमीपणा नाही. पुराव्यापेक्षा मोठं बोलणं परीक्षकाला आधी दिसतं.

एखादा शेरा मला पटतच नाही. तरी बदल करायचा का?

शेऱ्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या वेगळ्या करा. एक, वाचताना मार्गदर्शक इथे अडखळले. दोन, त्यावर त्यांनी काहीतरी उपाय सुचवला. पेशंटने दुखतंय म्हटलं तर डॉक्टर ते खरं धरतो; औषध मात्र पेशंटने सांगितलेलंच देईल असं नाही. तसंच इथे. अडखळणं घडून गेलंय, त्यावर वाद घालण्यात हशील नाही. उपाय मात्र तुमचा तुम्ही ठरवा.

'हा परिच्छेद काढून टाका' असं लिहिलंय आणि तुमच्या मते तो आवश्यक आहे? मग तो आवश्यक आहे हे मार्गदर्शकाला कळलं नाही, एवढं तरी मान्य करा. बहुधा परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात मागच्याशी जोड नसतो. तो जोड घाला आणि परिच्छेद ठेवा.

एकच सावधगिरी: एकाच बैठकीत दहा शेरे 'पटले नाहीत' म्हणून सोडून देत असाल, तर तुम्ही दमलेले किंवा चिडलेले आहात. फाइल बंद करा, झोपून उठल्यावर बघा.

मार्गदर्शक एक म्हणतात, विषयाच्या मॅडम वेगळंच म्हणतात. कोणाचं ऐकू?

मॅडमचं. गुण त्या देणार आहेत आणि विषयातल्या रूढ पद्धती त्यांना ठाऊक आहेत. मार्गदर्शक वेगळ्या विद्याशाखेचे असू शकतात: साहित्याच्या निबंधात 'मी' चालतो, काही विज्ञान विषयांत अजूनही कर्मणी प्रयोग मागतात. पण दोघांचे शेरे खरंच परस्परविरोधी आहेत का ते आधी तपासा. 'पार्श्वभूमी कमी करा' आणि 'संदर्भचौकट स्पष्ट करा' हे उलटसुलट वाटतं; बऱ्याचदा दोघांचं म्हणणं एकच असतं, की पार्श्वभूमीत नको ते आहे आणि हवं ते नाही. तरी शंका उरली तर मॅडमना दोन ओळींची ईमेल करा. प्रश्न नेमका विचारा: 'मॅडम, तिसऱ्या भागात आधीच्या संशोधनाचा आढावा एका पानाचा ठेवू की दोन?' 'मॅडम, काय करू?' अशा ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो.

'हे मूळ मजकुराच्या फार जवळ जातंय' असा शेरा आहे. मी तर संदर्भ दिलाय!

संदर्भ दिला तरी वाक्यरचना मूळ लेखकाची आणि मधले चार-सहा शब्द तेवढे तुमचे, असं झालं की ते स्वतःच्या शब्दांत सांगणं होत नाही. लेखनाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात अशा ठिगळलेखनावर बरंच लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की विद्यार्थी हे लबाडीपोटी करतो असं सरसकट धरू नये; कठीण मजकूर पुरता पचलेला नसला की माणूस त्याच्याच शब्दांना धरून चालतो. तुमचं कॉलेज इतकं समजूतदार असेलच असं नाही, त्यामुळे दुरुस्ती कराच.

पद्धत साधी आहे. मूळ लेख वाचा, बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि तो मुद्दा मित्राला सांगताय असं लिहा. मग मूळ लेख उघडून अर्थ बरोबर आहे ना ते ताडून पाहा. लेख बंद करून लिहिताच येत नसेल तर मुद्दा अजून कळलेला नाही. पुन्हा वाचा, किंवा सरळ अवतरणचिन्हांत द्या.

जाता जाता: साम्य दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीला फार घाबरू नका आणि तिच्यावर विसंबूही नका. अवतरणं आणि संदर्भसूची न वगळता तपासलं तर तीही त्या टक्क्यांत मोजली जातात. कमी टक्के आले म्हणजे वाङ्मयचौर्य नाही असा दाखलाही मिळत नाही.

संदर्भांच्या मांडणीवर शेरेच शेरे आहेत. यातलं महत्त्वाचं कोणतं?

आधी संदर्भ देण्याची कोणती शैली (एपीए, एमएलए वगैरे) मागितली आहे ते बघा, आणि आवृत्तीही. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ची, एमएलएची नववी २०२१ची. इंटरनेटवर सापडणारे नमुने बऱ्याचदा जुन्या आवृत्तीचे असतात. एपीएच्या सातव्या आवृत्तीत पुस्तकाच्या प्रकाशकाचं गाव द्यावं लागत नाही, आणि तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं आडनाव आणि 'व इतर' एवढं पुरतं. मजकुरातल्या संदर्भात एपीए आडनावासोबत वर्ष मागते, एमएलए पानाचा क्रमांक. एकाच निबंधात दोन्ही दिसले की मार्गदर्शकाचा पेन थांबत नाही.

स्वल्पविराम आणि तिरपी अक्षरं यांच्याआधी एक हिशेब जुळवा: मजकुरात आलेलं प्रत्येक नाव सूचीत आहे का, आणि सूचीतलं प्रत्येक नाव मजकुरात कुठेतरी आलंय का. फेरलेखनात परिच्छेद उडतात, सूचीतल्या नोंदी मात्र मागे राहतात. झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं मोफत साधन वापरत असाल तर ते वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये सूची आपोआप अद्ययावत ठेवतं. पण लेखाची माहिती आत घेतानाच चुकली असेल तर चूकही तितक्याच नेटकेपणाने छापतं.

शेरे एखाद्या एआय चॅटबॉटला देऊन निबंध दुरुस्त करून घेतला तर?

आधी कॉलेजचा नियम वाचा. तो विषयागणिकही वेगळा असू शकतो. नियमात बसत असलं तरी मला ते महागात पडणारं वाटतं. 'इथे विश्लेषण हवं' या शेऱ्यावर चॅटबॉट गुळगुळीत परिच्छेद देईल, पण तुमच्या मुलाखतीतला विद्यार्थी त्या दिवशी काय म्हणाला हे त्याला माहीत नाही. तो सर्वसाधारण बोलणार, आणि पुढच्या वेळी शेरा येणार: 'म्हणजे नेमकं काय?' शिवाय ही साधनं अस्तित्वात नसलेले लेख खऱ्यासारख्या नावानिशी संदर्भ म्हणून देतात. जो लेख तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही तो सूचीत घालू नका.

शब्दमर्यादा ओलांडली जातेय. वाढवा म्हणतात तिथे वाढवू कसं?

उलट्या आराखड्यातल्या सहाव्यासारखे परिच्छेद आधी काढा. मग प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य बघा. 'आजच्या धावपळीच्या युगात' अशी सुरुवात असेल तर ते निःशंक उडवा. काढलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवला की काढताना जिवावर येत नाही. ती फाइल पुन्हा कोणी फारशी उघडत नाही, तो भाग वेगळा.

खरंच सुधारणा झाली की नुसते शब्द बदलले, हे कसं ओळखू?

वर्डमध्ये दोन दस्तऐवजांची तुलना करण्याची सोय आहे, गूगल डॉक्समध्ये आवृत्तींचा इतिहास दिसतो. जुनी प्रत नव्याशेजारी ठेवून बघा. सगळे बदल वाक्यांच्या आतले असतील, एकही परिच्छेद हलला नसेल, गेला नसेल, नवा आला नसेल, तर दाव्याच्या आणि रचनेच्या शेऱ्यांना तुम्ही हात लावलेला नाही. लेखनाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८०च्या आपल्या अभ्यासात हाच फरक नोंदवला होता: विद्यार्थी फेरलेखन म्हणजे शब्दांची अदलाबदल समजतात, तर अनुभवी लेखक त्यातून युक्तिवादाला आकार देतात.

भाषेच्या चुकांकडे कधी वळू?

सगळं जागच्या जागी बसल्यावर. निबंध मोठ्याने वाचा, शक्य असल्यास छापील प्रतीवर. जिथे श्वास पुरत नाही ते वाक्य तोडा. मार्गदर्शकाने दाखवलेल्या तुमच्या नेहमीच्या दोन-तीन चुकांची नोंद करा आणि प्रत्येक चुकीसाठी निबंध एकदा स्वतंत्र चाळा. सगळ्या चुका एकाच फेरीत शोधायला गेलं की निम्म्या निसटतात.

उद्या सकाळी सादर करायचाय. आता काय होऊ शकतं?

बरंच. दावा नीट करा आणि तो प्रस्तावनेत व समारोपात एकच आहे ना ते बघा. अवतरणावर संपणाऱ्या परिच्छेदांना एकेक वाक्य जोडा. संदर्भांचा हिशेब जुळवा. रचनेची मोठी तोडफोड आज रात्री करू नका. अर्धवट हलवलेले परिच्छेद मूळच्या विस्कळीतपणापेक्षा वाईट दिसतात. पुनरुक्तीचा एखादा परिच्छेद काढणं मात्र जमेल.

मार्गदर्शकांना पुन्हा भेटायला जाताना काय घेऊन जाऊ?

नवी प्रत, जुनी शेऱ्यांची प्रत आणि निबंधाचा मूळ प्रश्न किंवा सूचनापत्र. सूचनापत्र बहुतेक जण विसरतात. 'आता कसा वाटतोय?' असं विचारलं की 'बराच सुधारलाय' असं गुळमुळीत उत्तर मिळतं. त्यापेक्षा 'आठवा परिच्छेद तोडून तीन केलेत, त्यातला मालकांची बाजू सांगणारा इथे बसतो का?' असं विचारा. वेळ अर्ध्या तासाचा असेल तर निबंध पूर्ण वाचून होणार नाही, म्हणून कोणती दोन पानं बघायची ते तुम्हीच ठरवून जा.

निबंधात मार्गदर्शकांचे आभार मानायचे का?

विभागाची पद्धत असेल तर एका ओळीत जरूर माना. काही ठिकाणी लेखन केंद्राची मदत घेतल्याचं नमूद करणं सक्तीचं असतं. सूचनापत्रात त्याचा उल्लेख आहे का ते बघा.